माणसाला सीमा खुली, मोटारीला नाही : स्वतःच्या वाहनाने नेपाळ-भूतानला जाताना

नवी दिल्ली : उत्तर प्रदेशातील सोनौली आणि नेपाळमधील बेलहिया ही एकाच रस्त्यावरची दोन गावे. मध्ये एक कमान. तिच्याखालून पायी, सायकलीने वा रिक्षाने दिवसभर शेकडो माणसे ये-जा करतात. भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. याच कमानीतून भारतीय क्रमांकाची मोटार पलीकडे न्यायची म्हटली, की मात्र कागद, शिक्का, शुल्क आणि मुदत यांचा प्रश्न उभा राहतो. मालकाला मोकळी असलेली वाट त्याच्या गाडीला मोकळी नसते.

काशी-अयोध्येची यात्रा करून तसेच पुढे लुंबिनी, पोखरा किंवा पशुपतिनाथापर्यंत स्वतःच्या गाडीने जाण्याचा बेत अनेक मराठी कुटुंबे आखतात. उत्तर बंगालमध्ये फिरायला गेलेले पर्यटक दोन-चार दिवसांसाठी भूतानकडे वळतात. ‘व्हिसा लागत नाही’ एवढ्या माहितीवर निघालेल्यांची अडचण बहुधा सीमेवरच सुरू होते. माणसाचा प्रवेश आणि वाहनाचा प्रवेश या कायद्याच्या दृष्टीने दोन पूर्णतः वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात घेतले तर पुढील सर्व नियमांची संगती लागते.

मोटार हा ‘माल’ ठरतो

भारत आणि नेपाळ यांच्यात ३१ जुलै १९५० रोजी शांतता व मैत्रीचा करार झाला. दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या भूमीवर वास्तव्याची आणि संचाराची मुभा देणारी तरतूद त्यात आहे. सुमारे १,७५१ किलोमीटर लांबीची ही सीमा खुली राहिली आहे, त्यामागे हाच आधार आहे. परंतु ही मुभा व्यक्तीला आहे. मोटार ही व्यक्ती नव्हे. सीमाशुल्क खात्याच्या लेखी ती एक मौल्यवान वस्तू आहे आणि ती सीमेपार गेली की तिची आयात झाली असे मानले जाते.

नेपाळमध्ये मोटारींच्या आयातीवर अत्यंत जड कर आहेत. भारतात जी गाडी काही लाखांत मिळते, तिची तेथील किंमत दुपटीच्याही पुढे जाते. अशा स्थितीत पर्यटक म्हणून आणलेली भारतीय गाडी तेथेच ठेवली किंवा विकली गेली, तर सरकारचा मोठा महसूल बुडतो. म्हणूनच परदेशी गाडीला ‘तात्पुरती आयात’ या सदराखाली ठरावीक दिवसांसाठी आत सोडले जाते आणि ती त्याच स्थितीत परत जाईल याची नोंद ठेवली जाते. दिवसागणिक शुल्क, मुदत, मालकीचा पुरावा आणि परतताना होणारी तपासणी या साऱ्यांचे मूळ येथे आहे.

भन्सार : पलीकडच्या दारातील पहिले काम

नेपाळमध्ये सीमाशुल्क कार्यालयाला ‘भन्सार’ म्हणतात. गाडीसाठी तेथून मिळणाऱ्या परवान्यालाही बोलीभाषेत हेच नाव रूढ झाले आहे. सोनौली-बेलहिया, रक्सौल-वीरगंज, जोगबनी-विराटनगर, रुपईडीहा-नेपाळगंज, बनबसा-महेंद्रनगर आणि पानीटंकी-काकडभिट्टा ही वाहनांसाठीची प्रमुख नाकी होत. कमान ओलांडताच प्रथम भन्सार कार्यालय गाठावे. किती दिवस राहायचे, हे तेथेच सांगावे लागते आणि तेवढ्या दिवसांचे शुल्क आगाऊ भरावे लागते. दुचाकी, मोटार आणि मोठी वाहने यांचे दर वेगवेगळे आहेत. भारतीय खासगी वाहनाला वर्षभरात एकूण ३० दिवसांपर्यंतच अशी परवानगी मिळते.

आरसी बुक, चालक परवाना, विमा, पीयूसी आणि ओळखपत्र यांच्या मूळ प्रती सोबत असाव्यात आणि प्रत्येकाच्या दोन-तीन छायाप्रतीही. भारतातील वाहतूक पोलीस डिजीलॉकरमधील कागद ग्राह्य धरतात. परदेशी कार्यालयावर तसे बंधन नाही. गाडी चालवणाऱ्याच्या नावावर नसेल, तर मालकाचे संमतिपत्र घ्यावे. भाऊ, मेहुणा किंवा कंपनी यांच्या नावावरची गाडी नेताना हा कागद विसरला, तर पर्यटक आणि तस्कर यांत फरक करण्याचे साधनच अधिकाऱ्याच्या हाती राहत नाही. गाडीवर कर्ज असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र जवळ असणे श्रेयस्कर.

शुल्क सांगताना कोणत्या रुपयात सांगितले जात आहे, हे विचारून घ्यावे. १९९३ पासून १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर स्थिर आहे. सीमाभागात भारतीय रुपयाला ‘भारू’ वा ‘आयसी’ आणि नेपाळी रुपयाला ‘नेरू’ वा ‘एनसी’ म्हणतात. एक हजार ‘नेरू’ म्हणजे ६२५ ‘भारू’. या एका शब्दाच्या गफलतीने दुकानात, हॉटेलात आणि पंपावर दीडपटीहून अधिक पैसे जाऊ शकतात.

डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने शंभर रुपयांहून मोठ्या भारतीय नोटांच्या वापरास मनाई केली होती. मोठ्या नोटांविषयीचे नियम दोन्ही बाजूंनी वेळोवेळी बदलत आले आहेत. त्यामुळे रोख रक्कम शंभराच्या नोटांत ठेवणे हाच निर्धोक मार्ग. मार्च २०२४ पासून नेपाळमधील अनेक दुकानांत क्यूआर कोडद्वारे यूपीआयने पैसे देता येतात, पण डोंगराळ भागात त्यावर विसंबून राहू नये. फास्टॅग तर सीमेपलीकडे निरुपयोगीच आहे.

पंधरा मिनिटे आणि सत्तावन्न वर्षे

परवान्याची मुदत मोजताना दोन गोष्टी भल्याभल्यांना चकवतात. नेपाळचे घड्याळ भारतापेक्षा पंधरा मिनिटे पुढे आहे. भारतीय वेळेनुसार अगदी काठावर नाक्यावर पोहोचणाऱ्यासाठी तेथील कार्यालयाची वेळ संपलेली असू शकते. नेपाळमध्ये साप्ताहिक सुट्टीचा पारंपरिक वार शनिवार आहे, रविवार नव्हे. दशैं आणि तिहार, म्हणजे आपला दसरा आणि दिवाळी, या काळात तेथील सरकारी कामकाज दीर्घकाळ मंदावते.

दुसरी गोष्ट दिनदर्शिकेची. नेपाळचा सरकारी कारभार विक्रम संवतानुसार चालतो आणि ते वर्ष इसवी सनाच्या सुमारे ५७ वर्षे पुढे असते. भन्सारच्या पावतीवरही तारीख याच पद्धतीने येऊ शकते. महिन्यांची नावे मराठी वाचकाला ओळखीची वाटतात आणि घोटाळा तेथेच होतो. महाराष्ट्रातील पंचांगात महिने चांद्र आहेत, नेपाळी महिने सौर. तेथील वैशाख एप्रिलच्या मध्यास सुरू होतो आणि ‘असार’ जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत चालतो. आपल्या आषाढातील तिथीशी त्याचा मेळ बसत नाही. म्हणून पावती हाती पडताच मुदत संपण्याची इंग्रजी तारीख अधिकाऱ्याला विचारून पावतीच्या छायाप्रतीवर लिहून ठेवावी. मुदत उलटल्यास दंड आकारला जातो. मुक्काम वाढवायचा झाल्यास मुदत संपण्यापूर्वीच संबंधित कार्यालयाकडे जावे.

विमा : सर्वाधिक दुर्लक्षित कागद

या प्रवासातील खरा धोका शुल्काचा वा दंडाचा नसून अपघाताचा आहे. भारतीय मोटार विमा पॉलिसीचे भौगोलिक क्षेत्र सर्वसाधारणपणे भारतापुरते मर्यादित असते. नव्या, सर्वंकष आणि चालू असलेल्या पॉलिसीचेही छत्र कमान ओलांडताच संपते. पलीकडे गाडी दरीत गेली, चोरीस गेली किंवा तिने कुणाला धडक दिली, तर सारा भार मालकावर येतो. दहा-बारा लाखांची गाडी आणि त्रयस्थाची भरपाई असा हा दुहेरी प्रश्न असतो.

यावर सोपा उपाय उपलब्ध आहे. भारतीय विमा व्यवस्थेत ‘भौगोलिक क्षेत्र विस्तार’ नावाचे पुरवणीपत्र आहे. अतिरिक्त हप्ता भरून पॉलिसीचे क्षेत्र नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव या देशांपर्यंत वाढवता येते. मूळ हप्त्याच्या तुलनेत ही रक्कम अल्प असते. मात्र हे पुरवणीपत्र निघण्यापूर्वी घ्यावे लागते. सीमेवर उभे राहून विमा कंपनीला दूरध्वनी करून काम होत नाही. पुरवणीपत्रावर देशाचे नाव आणि कालावधी स्पष्ट नोंदलेला आहे की नाही, हे तपासावे.

येथेही एक मर्यादा लक्षात ठेवावी. त्रयस्थ व्यक्तीची भरपाई ज्या देशात अपघात झाला, त्या देशाच्या कायद्याने ठरते. त्यामुळे भन्सारचे काम करतानाच स्थानिक थर्ड पार्टी विम्याची आवश्यकता आणि उपलब्धता यांची चौकशी करावी. रस्त्यावर बंद पडलेली गाडी उचलून नेण्याची सेवा भारतीय पॉलिसीबरोबर असली, तरी ती परदेशात लागू आहे असे गृहीत धरू नये. प्रवाशांचा वैयक्तिक अपघात व वैद्यकीय विमा हा याहून वेगळा विषय आहे आणि त्याची तजवीज स्वतंत्रपणे करावी लागते.

आधार कार्ड पुरेसे नाही

नेपाळ आणि भूतानला जाणाऱ्या भारतीय प्रौढासाठी वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र ही दोनच सर्वमान्य कागदपत्रे आहेत. देशात सर्वत्र चालणारे आधार कार्ड येथे सर्वांसाठी चालत नाही. गृह मंत्रालयाने जानेवारी २०१९ मध्ये केलेल्या खुलाशानुसार १५ वर्षांखालील मुले आणि ६५ वर्षांवरील ज्येष्ठ नागरिक यांच्यासाठीच आधार ग्राह्य आहे. १५ ते १८ या वयोगटातील मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी दिलेले ओळखपत्र विहित नमुन्यात घेता येते. त्याऐवजी पासपोर्ट असेल तर प्रश्नच मिटतो.

सोनौलीला पायी जाणाऱ्याला कुणी हटकले नाही, यावरून गाडीतील प्रवाशांनाही कुणी विचारणार नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. भारताच्या बाजूला सशस्त्र सीमा बलाचे जवान तैनात असतात आणि वाहनांची तपासणी अधिक बारकाईने होते. हॉटेलात खोली घेताना, सिमकार्ड घेताना आणि एखादा प्रसंग ओढवल्यास दूतावासाकडे मदत मागताना हीच कागदपत्रे लागतात.

रस्ता आणि ऋतू

नेपाळ आणि भूतान या दोन्ही देशांत वाहने डाव्या बाजूनेच चालतात. भारतीय चालक परवानाही तेथे चालतो. त्यामुळे चालकाला परकेपणा जाणवत नाही. मात्र तराई सोडून रस्ता डोंगरात शिरला, की अंतराचे गणित बदलते. बेलहियापासून लुंबिनी सुमारे २५ किलोमीटर आहे आणि तो रस्ता सपाट आहे. एका रात्रीच्या मुक्कामासाठी हा सर्वांत सोयीचा प्रवास. तेथूनच पोखरा किंवा काठमांडू गाठायचे तर नकाशावरील किलोमीटर मोजण्याऐवजी पूर्ण दिवस राखून ठेवावा.

पावसाळ्यात हा विचार अधिकच गंभीर होतो. १२ जुलै २०२४ रोजी नारायणगढ-मुग्लिन मार्गावर दरड कोसळून दोन प्रवासी बसगाड्या त्रिशूली नदीत वाहून गेल्या. त्याच वर्षी २३ ऑगस्टला पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली बस तनहूँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. जळगाव जिल्ह्यातील अनेक भाविकांचा त्या दुर्घटनेत बळी गेला. सप्टेंबरअखेरच्या अतिवृष्टीने तर काठमांडूकडे जाणारे महामार्ग ठप्प झाले होते. जून ते सप्टेंबर या काळात स्वतःच्या गाडीने डोंगरात जाणे टाळावे, जाणे अपरिहार्य असल्यास रात्री गाडी चालवू नये, असा अनुभवी चालकांचा सल्ला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल हे महिने तुलनेने अनुकूल मानले जातात.

राजकीय परिस्थितीही पाहावी लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळमधील तरुणांच्या आंदोलनानंतर संचारबंदी लागू झाली आणि काठमांडूचा विमानतळही बंद ठेवावा लागला. अशा वेळी विमान प्रवाशाला तिकीट बदलता येते, पण गाडी घेऊन गेलेल्याला गाडी सोडून परतता येत नाही. ती परत नेण्याची जबाबदारी परवान्याने त्याच्यावर टाकलेली असते.

काठमांडू खोऱ्यात २०१७ पासून विनाकारण हॉर्न वाजवण्यास बंदी आहे. मद्यपान करून वाहन चालवणाऱ्यांवर तेथील वाहतूक पोलीस कठोर कारवाई करतात. आपत्कालीन मदतीसाठी पोलिसांचा क्रमांक १००, रुग्णवाहिकेचा १०२ आणि वाहतूक पोलिसांचा १०३ आहे. काठमांडूतील भारतीय दूतावासाखेरीज वीरगंज येथे भारताचे महावाणिज्य दूतावास कार्यालय आहे.

भूतान : नियम तोच, शुल्क निराळे

भूतानची सीमाही भारतीयांना व्हिसाविना खुली आहे. तथापि तेथे प्रवेश परवाना घ्यावा लागतो. पश्चिम बंगालमधील जयगाव आणि भूतानमधील फुंत्शोलिंग हे सर्वाधिक वर्दळीचे नाके आहे. महासाथीनंतर २३ सप्टेंबर २०२२ रोजी भूतानने आपली दारे पुन्हा उघडली, तेव्हापासून भारतीय पर्यटकाला दरडोई प्रतिरात्र १,२०० रुपये ‘शाश्वत विकास शुल्क’ द्यावे लागते. सहा ते बारा वयोगटातील मुलांना निम्मे शुल्क आहे आणि त्याहून लहान मुलांना ते माफ आहे. आई-वडील आणि आठ व दहा वर्षांची दोन मुले असे कुटुंब दोन रात्री राहिले, तर या एका शुल्कापोटी ७,२०० रुपये होतात. हॉटेल आणि इंधन वेगळे.

गाडीसाठी भूतानच्या परिवहन प्राधिकरणाचा स्वतंत्र परवाना लागतो आणि परदेशी क्रमांकाच्या वाहनावर दिवसागणिक वेगळे शुल्क आकारले जाते. फुंत्शोलिंगच्या पुढे जायचे तर दोन्ही परवाने हाती असल्याखेरीज तपासणी नाक्यावरून गाडी सुटत नाही. हा खर्च पाहून अनेक पर्यटक आपली गाडी जयगावला ठेवतात आणि भूतानी टॅक्सीने थिंफू-पारोकडे जातात. चार-पाच दिवसांच्या सहलीत कोणता पर्याय स्वस्त पडतो, याचा हिशेब घरीच मांडलेला बरा. भूतानचे घड्याळ भारताच्या अर्धा तास पुढे आहे. तेथील चलन, ङुल्ट्रम, रुपयाच्या बरोबरीचे आहे. रुग्णवाहिकेसाठी ११२ आणि पोलिसांसाठी ११३ हे क्रमांक आहेत. थिंफू येथे भारतीय दूतावास आणि फुंत्शोलिंगला महावाणिज्य दूतावास कार्यालय आहे.

इतर सीमा आणि ‘कार्ने’

नेपाळ आणि भूतान हे भारतीय मोटारीसाठी अपवाद म्हणावेत इतके सोपे देश आहेत. बांगलादेशात किंवा त्याहून दूरच्या देशांत गाडी नेण्यासाठी व्हिसाबरोबरच ‘कार्ने द पासाज’ नावाचे आंतरराष्ट्रीय सीमाशुल्क हमीपत्र लागते. खासगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीविषयी १९५४ मध्ये न्यूयॉर्क येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात या पद्धतीला मान्यता मिळाली. या पुस्तिकेतील एकेक पान एकेका देशासाठी असते. आत शिरताना एक भाग आणि बाहेर पडताना दुसरा भाग सीमाशुल्क अधिकारी कापून घेतो. बाहेर पडल्याचा शिक्का राहून गेला, तर गाडी तेथेच विकली असे समजून संपूर्ण आयात शुल्काची मागणी होऊ शकते. ती मागणी पुस्तिका देणाऱ्या संस्थेला भागवावी लागते, म्हणून ती संस्था मालकाकडून अनामत रक्कम वा बँक हमी घेते. भारतात ही पुस्तिका देणाऱ्या संस्थांत मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनचा समावेश आहे.

या देशांसाठी आंतरराष्ट्रीय चालक परवानाही लागू शकतो. तो आपल्या परिवहन कार्यालयातून मिळतो. १९४९ च्या जिनिव्हा कराराच्या अनुषंगाने त्याचा नमुना देशभर एकसारखा करण्याची अधिसूचना केंद्र सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये काढली.

बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ या चार देशांनी १५ जून २०१५ रोजी थिंफू येथे मोटार वाहन करारावर स्वाक्षऱ्या केल्या. खासगी गाड्यांनाही सुलभपणे ये-जा करता यावी, हा त्यामागील हेतू होता. भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने २०१६ मध्ये त्यास संमती नाकारली. लहान देशाचे रस्ते आणि पर्यावरण यांवर पडणारा ताण हा तेथील चर्चेचा विषय होता. परिणामी, सामान्य पर्यटकासाठी भन्सार, परवाना आणि कार्ने यांची जुनी वाटच आजही कायम आहे.

परतीच्या वाटेवर

सहल संपल्यावरही गाडीची जबाबदारी संपलेली नसते. ज्या नाक्यावरून बाहेर पडायचे, तेथील भन्सार कार्यालयात परवाना दाखवून गाडी परत गेल्याची नोंद करून घ्यावी आणि त्याची प्रत जपून ठेवावी. घाईत ही नोंद राहिली, तर नेपाळच्या दप्तरी ती गाडी आतच राहिलेली दिसते आणि पुढील खेपेस त्याचा जाब द्यावा लागतो.

भारतात शिरताना सामानाची तपासणी होते. नेपाळच्या बाजारात मिळणाऱ्या तिसऱ्या देशाच्या वस्तू मोठ्या प्रमाणात आणल्यास त्यावर शुल्क लागू होते. रक्सौल आणि जोगबनी ही नाकी बिहारमध्ये आहेत आणि त्या राज्यात एप्रिल २०१६ पासून दारूबंदी आहे. पलीकडे रीतसर विकत घेतलेली एखादी बाटली डिकीत सापडली, तरी बिहारच्या कायद्याने तो गुन्हा ठरतो आणि गाडी जप्त होऊ शकते.

निघण्यापूर्वीच्या कामांचा क्रम यावरून ठरवता येईल. सर्वप्रथम विमा कंपनीकडून क्षेत्र विस्ताराचे पुरवणीपत्र घ्यावे, कारण त्यास वेळ लागतो. त्यानंतर प्रत्येक प्रवाशाचे ग्राह्य ओळखपत्र तपासावे. मग गाडीची मूळ कागदपत्रे, संमतिपत्र आणि छायाप्रती यांची फाईल करावी. शुल्काचे दर आणि नाक्यांच्या वेळा बदलत असल्याने निघण्याच्या आठवड्यात संबंधित देशाच्या सीमाशुल्क किंवा परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर त्यांची खातरजमा करावी. परवाना घेताना नियोजित मुक्कामापेक्षा एखादा दिवस अधिक मागावा. दरड कोसळून रस्ता अडला, तर त्या एका दिवसाचे शुल्क दंडापेक्षा खचितच कमी असते.